सोमवारच्या सह्या

आमच्या घरी पेला एकदाच विसळून कोणी पाणी प्यायलं, तर आई अशी बघते जणू त्याने गटारात तोंड घातलं. पेला तीनदा विसळायचा, आणि ज्या पाण्याने भरायचा त्याच पाण्याने विसळायचा. नमुन्याच्या बाटल्या अशाच धुतात म्हणे, नाहीतर मागच्या पाण्याचं खापर पुढच्या पाण्यावर फुटतं. बाबा शहराची बस चालवतात. दिवसभराची तहान घेऊन घरी येतात, पेला हातात धरतात आणि रोज तेच म्हणतात, "या घरात पाणी पिण्याआधी त्याची मुलाखत घ्यावी लागते."

आई पर्यावरण अभियंता आहे. हे ऐकलं की लोकांना वाटतं, ती झाडं लावत असणार. समोरच्या काकूंनी एकदा मला जिन्यात अडवलं होतं. मान तिरकी, हात कमरेवर, आवाजात साखर. "अगं, आईला विचार ना गं, माझा मनीप्लँट का रुसलाय?" मी घरी येऊन तश्शीच मान तिरकी केली. आई म्हणाली, "त्यांना सांग, मी कारखान्यांचे रुसवे काढते." खरं तर ती रुसवेही काढत नाही. कारखान्यातून पडणारं पाणी बाहेर सोडण्याजोगं आहे का, एवढंच ती सांगते. त्यासाठी गमबूट घालून नाल्यात उतरते, थर्मामीटर बुडवते, वास घेते, बाटल्या भरून बर्फाच्या पेटीत घालते. ती पेटी आम्हाला सहलीला कधीच मिळाली नाही. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'यात खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत.' खाली बाबांनी बारीक अक्षरांत लिहिलंय, 'ठेवल्यास आम्हांस बोलावू नये.'

हे सगळं काम आईला सरांनी शिकवलं. सर म्हणजे तिच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. अकरा वर्षांपूर्वी ती नोकरी शोधत होती, तेव्हा तीन ठिकाणी तिला टेबलावरचं काम देऊ केलं होतं. बाईमाणसाला नाल्यात कसं उतरवायचं, म्हणून. सरांनी तिची प्रमाणपत्रं पाहिली, खाली वाकून टेबलाखालून गमबुटांची एक जोडी काढली आणि म्हणाले, "मोठे होतील. दोन मोजे घाल." ही गोष्ट आईने आम्हाला इतक्यांदा सांगितली आहे की 'दोन मोजे घाल' हे वाक्य आम्ही तिघं एका सुरात म्हणतो.

सर म्हणजे माझी सगळ्यात जमलेली नक्कल. चष्मा कपाळावर, हनुवटी छातीला, आवाज पोटातून. प्रत्येक वाक्य खिळा ठोकल्यासारखं. आणि मधे मधे "काय म्हणतो मी?" हे विचारायचं, पण उत्तरासाठी थांबायचं नाही. "पाणी खोटं बोलत नाही, पोरी. माणसं बोलतात. काय म्हणतो मी?" महिन्यातून एकदा ते आमच्याकडे जेवायला यायचे, तेव्हा मी ही नक्कल त्यांच्यासमोरच करायचे. ते इतके हसायचे की डोळे पुसावे लागायचे. "अरे, मी असा बोलतो? मग लोक मला सहन कसे करतात?"

सरांचे दोन नियम आईने अकरा वर्षं पाळले.

पहिला, नाल्यावर पेन्सिलच वापरायची. शाई भिजली की पसरते, पेन्सिल भिजली तरी टिकते. म्हणून आईच्या कानावर कायम पेन्सिल असते, आंघोळीला जाताना ती आम्हाला काढून घ्यावी लागते. पेन्सिलीने लिहिलेली नोंदवही आली की थेट सरांच्या कपाटात.

दुसरा, सोमवारच्या सह्या. अहवाल रोज पाचच्या आत जायला हवेत, आणि पाचला आई कुठल्या तरी नाल्यात गुडघाभर. म्हणून दर सोमवारी सकाळी सर तिच्यापुढे कोऱ्या अहवालांचा गठ्ठा ठेवायचे आणि ती चहा पिता पिता आठवडाभराच्या सह्या उरकून टाकायची. पुढे आठवडाभर तिने आकडे कळवायचे, सरांनी ते सहीच्या वर भरायचे, शिक्का मारायचा, पाठवायचं.

बाबा एकदा म्हणाले होते, "कोऱ्या कागदावर सही? आमच्याकडे ब्रेक दाबून बघितल्याशिवाय कोणी गाडीच्या कागदावर सही करत नाही."

आई हसली. "तुमच्याकडे सर नाहीत ना."

तर, ओढ्याची गोष्ट. कापड रंगवण्याच्या एका कारखान्याच्या खालच्या अंगाला एका माणसाची रोपवाटिका आहे. आम्ही त्याला रोपवाला म्हणतो. तो तीनदा प्रयोगशाळेत आला आणि तिन्ही वेळा पोत्यातून एक मेलेलं रोप काढून टेबलावर ठेवून गेला. तो रोपांना रोपं म्हणत नाही. "बाई, आमची पोरं ओढ्याचं पाणी पितात आणि माना टाकतात," असं म्हणतो, हळू आवाजात, जसं काही पोरं ऐकतील.

आई कारखान्याला न कळवता ओढ्यावर गेली. संध्याकाळी जेवताना तिने सगळं सांगितलं आणि मी लगेच रोपवाला झाले. आई आईच राहिली.

तिने काचेची बाटली ओढ्यात बुडवून काठोकाठ भरली. "आता यात दोन औषधं घालते. तपकिरी साका बसला, तर पाण्यात श्वास आहे. पांढरा बसला, तर नाही."

"माशांचा श्वास, बाई?"

"माशांचा, किड्यांचा. तुमच्या पोरांच्या मुळांचासुद्धा."

बूच लावलं. बाटली उलटी केली, सुलटी केली, उलटी केली. दोघं काठावर उकिडवे बसून बघत राहिले. खाली बसला तो साका खडूच्या भुकटीसारखा होता.

"पांढरं, बाई."

"पांढरं."

"मग आता?"

"आता मी लिहिणार, शून्य. आणि खाली माझी सही असेल."

"सह्या आम्ही लई बघितल्या."

"माझी नाही बघितलीत."

हे वाक्य सांगताना आईची मान जरा ताठ झाली होती. मी तेही उचललं. बाबा म्हणाले, "आई जास्त चांगली जमली हां." पंधरा दिवसांनी प्रदूषण मंडळापुढे सुनावणी ठरली. आईच्या अहवालावरून कारखान्याचं पाणी थांबवायचं की नाही, हे तिथे ठरणार होतं.

मधल्या बुधवारी माझी शाळा लवकर सुटली. घराची किल्ली आईकडे राहिली होती, म्हणून मी प्रयोगशाळेत गेले. आई कुठल्या तरी नाल्यात होती. सरांचं दार किलकिलं होतं आणि आत कोणीतरी फोनवर बोलत होतं. पातळ, नाकातला आवाज. दर वाक्याच्या शेपटीला हसू. मी दाराशी थबकले. आत सरच होते!

"हो हो, शेठ. छे छे, काळजीच नको, हॅ हॅ. बाई माझ्या शब्दाबाहेर नाहीत. होऊन जाईल, तुम्ही निवांत राहा, हॅ हॅ हॅ."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं एकच सर करत होते, आता दुसरे सर मिळाले. संध्याकाळी चमचा कानाला लावून मी अख्खा फोन करून दाखवला. बाबा खुर्चीवरून घसरले. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "पुरे गं! सर असे बोलतात? कोणाशी?"

"काय माहीत. कोणीतरी शेठ."

"नवीन काम मिळवत असतील बिचारे," आई म्हणाली, आणि पुन्हा एकदा करायला लावलं.

मी पुन्हा केलं. आम्ही पुन्हा हसलो. आवाज तिघांनी ऐकला, शब्द एकानेही नाही.

सुनावणी शनिवारी होती, सर्वांना खुली. मी गेले ती नव्या आवाजांच्या आशेने, आणि माल भरपूर होता. व्यासपीठावर अध्यक्षीणबाई होत्या. त्या बोलायच्या आधी घसा खाकरायच्या आणि बोलून झाल्यावरही. पंख्याखाली कारखान्याचे मॅनेजर होते. त्यांच्या शर्टाची इस्त्री त्यांच्यापेक्षा जास्त आत्मविश्वासाने बसली होती. रोपवाला शेवटच्या रांगेत, मांडीवर पोतं. सर आईच्या शेजारी. अहवाल वाचणाऱ्या कारकुनाला सर्दी झाली होती. मी त्याचे बंद नाकाचे शब्द मनातल्या मनात घोळवत होते.

"तापबान, एकोणतीस. विरघळलेला ऑक्सिजन, पाच पूर्णांक आठ. पाण्याचा दर्जा, सबाधानकारक."

मी आईकडे पाहिलं आणि कारकून मनातून निसटला.

ती उभी राहिली होती. "किती म्हणालात?"

"पाच पूर्णांक आठ."

मागे खुर्ची सरकली. रोपवाला उभा होता. तो ओरडला वगैरे नाही. "बाई, माझ्यासमोर तर पांढरं झालं होतं," एवढंच म्हणाला. हळूच, पोरं ऐकणार नाहीत अशा बेताने.

आईने कागद मागून घेतला. वरचे आकडे सरांच्या अक्षरात होते. ते नेहमीच असायचे. खाली तिची सही, घाईत शेपूट लांबवलेली, सोमवार सकाळची.

अध्यक्षीणबाई खाकरल्या. "सही तुमचीच ना?"

"हो. पण आकडा माझा नाही. नोंदवही बघा."

नोंदवही सरांच्या पिशवीतच होती. पान उघडलं. पेन्सिलीने पाच पूर्णांक आठ. आईने पान उजेडाकडे तिरकं धरलं. "हे खोडलंय. कागदाची लव निघालीय इथे."

मॅनेजर हसले. "पेन्सिलीनं लिहिलं तर खोडलं जाणारच, मॅडम. आमच्याकडे शाळा सुटल्यावर पेन वापरतात." पहिल्या दोन रांगा हसल्या. अध्यक्षीणबाईंनी दहा मिनिटांची सुट्टी दिली.

बाहेरच्या बोळात एक बाकडं होतं. सर त्यावर बसले आणि शेजारची जागा हाताने पुसली. "बस, पोरी."

आई बसली नाही. "आकडा तुम्ही बदललात?"

"त्या कारखान्याकडून आपलं निम्मं काम येतं. तो बंद झाला तर सहा महिन्यांत आपल्याला कुलूप लागेल. चौदा माणसं आहेत आपल्याकडे. काय म्हणतो मी?"

"बदललात का?"

"मोठं होण्याआधी मिटवलं, असं म्हण."

"पाणी खोटं बोलत नाही, सर."

सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "झाकली मूठ राहू दे. आत जा आणि सांग, ओढ्यावरचं औषध जुनं झालं असेल, पहिलं वाचन चुकलं. विषय संपला. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय, खुर्ची तुझीच. आणि नाही ऐकलंस, तर सांगणार काय आहेस? कोऱ्या कागदांवर सह्या करत होते? अकरा वर्षं? तुझा परवाना राहील का?"

आईच्या कानावर पेन्सिल होती. ती तिने काढली, बघितली, पुन्हा ठेवली. मग माझ्याकडे वळली. "त्या बुधवारचा फोन करून दाखव."

"इथे?"

"इथेच. त्यांच्यासमोर."

चमचा नव्हता. मी रिकामा हात कानाला लावला. "हो हो, शेठ. छे छे, काळजीच नको, हॅ हॅ. बाई माझ्या शब्दाबाहेर नाहीत." नक्कल इतकी हुबेहूब झाली की चहाचा ट्रे घेऊन चाललेल्या शिपायाने आधी सरांकडे पाहिलं. या वेळी हसलं कोणीच नाही. 'हॅ हॅ'च्या जागी तर बोळ इतका शांत होता की मला तो शब्द गिळावासा वाटला.

"छान करते पोरगी," सर म्हणाले. तो त्यांचा पोटातला आवाज नव्हता, नाकातलाही नव्हता. ती नक्कल मला अजून जमलेली नाही.

आई आत गेली आणि न बसता बोलली. "ही सही माझी आहे. वरचे आकडे माझे नाहीत. मी दर सोमवारी कोऱ्या अहवालांवर सह्या करून ठेवत होते. ओढ्यात ऑक्सिजन शून्य होता."

अध्यक्षीणबाई खाकरायच्या विसरल्या. "म्हणजे याआधीच्या अहवालांवरही?"

"याआधीच्याही."

"याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला, बाई?"

"कळतोय."

त्यांनी सरांना विचारलं, तुमचं काय म्हणणं? सर उठले. पुन्हा पोटातला आवाज, प्रत्येक वाक्य खिळ्यासारखं. "बाई कष्टाळू आहेत. हल्ली फार थकतात. गोंधळ होऊ शकतो. त्यांनी कळवले ते आकडे मी उतरवले, दुसरं माझ्या माहितीत काही घडलेलं नाही. हवं तर कागद तपासा. माझी कुठेही सही नाही."

कागद तपासले. खरंच नव्हती. अकरा वर्षांच्या एकाही कागदावर सरांची सही नव्हती.

त्या संध्याकाळी बाबांनी जेवणाची ताटं घेतली आणि म्हणाले, "तळं राखील तो पाणी चाखील, ऐकलं होतं. हा तर तळंच विकून मोकळा झाला."

"असं नका बोलू त्यांना," आई सवयीने म्हणाली, आणि स्वतःच थांबली.

तिचा परवाना चौकशी होईपर्यंत थांबवला. त्याचं तिला एवढं नव्हतं. ती जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसायची आणि आठवून आठवून जागा लिहायची. शाळेमागची विहीर. कातड्याच्या कारखान्याचा नाला. दवाखान्याजवळचा पंप. प्रत्येकासमोर प्रश्नचिन्ह.

"काय करतेस?" मी विचारलं.

"पहिला कोणता, ते शोधते."

"कशातला पहिला?"

"त्यांनी बदललेला. मागच्या वर्षी सुरू केलं, की दुसऱ्याच सोमवारी?" तिने पेन्सिलीचं टोक दाबून मोडलं. "आणि ते गमबूट. ते दिले तेव्हाच ठरलेलं होतं का गं?"

केसाने गळा कापणं हा शब्दप्रयोग आम्हाला शाळेत होता, वाक्यात उपयोग करा, दोन गुण. मी तेव्हा राजा-प्रधानाचं काहीतरी लिहिलं होतं.

ओढ्याची फेरतपासणी ठरली. दुसऱ्या शहरातली प्रयोगशाळा, आणि कारखान्याला नियमाप्रमाणे आठ दिवस आधी नोटीस. नोटीस! पाहुणे येणार असं आठ दिवस आधी कळलं तर समोरच्या काकूसुद्धा मनीप्लँट पुसून ठेवतात. आई बघायला गेली, मीही गेले. ती काठावर हात मागे बांधून उभी राहिली, कारण आता तिला कशालाही हात लावायची परवानगी नव्हती. ओढा स्वच्छ वाहत होता. नव्या प्रयोगशाळेच्या तरुण अभियंत्याने बाटली एकदाच विसळली. आईचा हात पाठीमागे हलला. त्याने औषधं घातली, बाटली उलटी केली, सुलटी केली.

"तपकिरी," तो आनंदाने म्हणाला.

मॅनेजरनी सगळ्यांना नमस्कार केला, आईलाही. सर आले नव्हते. त्यांना यायचं कारणच नव्हतं, त्यांची कुठे सही नव्हती.

गाड्या गेल्यावर रोपवाला आम्हाला त्याच्या छपरात घेऊन गेला. चार रांगा रिकाम्या होत्या, नुसती माती भरलेल्या पिशव्यांच्या. त्याने एका डब्यातून कागद काढला. त्याने वरच्या कचेरीला लिहिलेला अर्ज. त्या दिवशी ओढ्यावर त्याने काय पाहिलं, कोणत्या वेळी, साका कुठल्या रंगाचा होता, सगळं त्याच्या अक्षरात, शाईने. खाली लिहिलं होतं, साक्षीदार.

"इथं सही लागते, बाई."

आई कागदाकडे बघत राहिली. "माझ्या सहीला आता कोणी विचारत नाही हो. उलट तुमचा अर्ज बाद करतील."

"करू देत."

"दुसरं कोणी बघा."

"दुसरं कोणी नव्हतं तिथं. आपण दोघंच होतो." त्याने पेन पुढे केलं. "आणि तुमची बघायची राहिलीय."

आईने कागद वाचला. मग पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा, बोट ओळीखाली धरून. रोपवाला चुळबुळला नाही. मजकूर जिथे संपला होता तिथून सहीच्या जागेपर्यंत चार बोटं कोरी जागा होती. आईने त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरपी रेघ मारली, पेनने, दाबून. समासातही एक उभी मारली. तारीख टाकली, वेळ टाकली, आणि मग सावकाश सही केली. शेपूट न लांबवता.

"ही रेघ कशाला, बाई?"

"इथे नंतर कोणी काही लिहू नये म्हणून."

रोपवाल्याने मान हलवली. त्याने कागद हातात घेतला, उलटा केला आणि पुन्हा तिच्यापुढे ठेवला.

"मागची बाजू राहिली," तो म्हणाला.